पोर्टफोलिओचे पैसे भरू नका, राजीनामाही आत्ता नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २६, उंची ५ फूट ६ इंच, अकाउंट्समध्ये चार वर्षांची पक्की नोकरी. ती सोडून मॉडेलिंगमध्ये यायचं आहे. आई-वडील ठाम विरोधात आहेत: 'पैसे बुडतील', 'कुठे कुठे बोलावतील', 'कसले कसले फोटो काढतील', 'दोन वर्षांनी हात हलवत परत येशील' आणि 'लोक काय म्हणतील'. त्यातच एका एजन्सीने पोर्टफोलिओसाठी मोठी रक्कम आठवड्याच्या आत भरायला सांगितली आहे. भरू का? आणि नोकरी सोडू का?

दोन्हींचं उत्तर नाही. नोकरीबद्दलचं 'नाही' सध्यापुरतं आहे, पैशांबद्दलचं कायमचं.

एजन्सीचं पोट कमिशनवर चालतं. तुम्हाला काम मिळालं, क्लायंटने पैसे दिले, की त्यातले साधारण २० टक्के ती ठेवते. बऱ्याच बाजारपेठांत क्लायंटकडूनही वेगळा सेवा-आकार घेते. म्हणजे तुम्हाला काम मिळेपर्यंत तिच्या हाती काही पडत नाही, म्हणूनच ती माणसं पारखून घेते. जी संस्था तुम्हाला काम मिळण्याआधीच कमावते, तिचा धंदा फोटोसेशन विकण्याचा आहे. तुम्हाला पुढे काम मिळो न मिळो, तिचा व्यवहार पूर्ण झालेला असतो. आठवड्याची मुदतही त्यासाठीच, तुम्ही चार ठिकाणी विचारू नये म्हणून. आणखी एक तपासणी करा. तिच्या वेबसाइटवरच्या दहा-बारा मॉडेलांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळीकडे तीच भिंत, तोच प्रकाश, तीच हनुवटीखालची बोटं दिसली आणि खऱ्या जाहिरातीतला किंवा कॅटलॉगमधला एकही फोटो सापडला नाही, तर ती माणसं तिथली मॉडेल नव्हेत, गिऱ्हाइकं आहेत.

चांगल्या एजन्सीही काही खर्च मॉडेलच्या नावावर टाकतात: टेस्ट शूट (नमुन्यादाखल केलेलं फोटोसेशन), कॉम्प कार्डांची म्हणजे मॉडेलचे फोटो आणि मापं असलेल्या ओळखकार्डांची छपाई, वेबसाइटवरची जागा, कधी प्रवास आणि राहणं. फरक इतकाच की तो खर्च पुढच्या मानधनातून वळता होतो. यातही एक खाच आहे. हा खर्च म्हणजे तुमच्या नावावर चढणारी उधारी असते, आणि कामं कमी आली तर वर्षाअखेरीला कमाई उणे दिसू शकते. तुम्ही अकाउंट्समधल्या, तेव्हा दर महिन्याला खातेउतारा आणि खर्चावर लेखी कमाल मर्यादा मागायला कचरू नका. तुलनेसाठी न्यूयॉर्क राज्याचा फॅशन वर्कर्स कायदा बघा, तो जून २०२५ पासून लागू आहे. एजन्सीने मॉडेलकडून अनामत किंवा सही करण्याचं शुल्क घ्यायचं नाही, कमिशन २० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही आणि करार तीन वर्षांहून लांब करायचा नाही, असं तो सांगतो. तुम्ही जिथे आहात तिथे हा कायदा नसेल, पण समोरच्या कागदाला लावायला ही पट्टी चांगली आहे.

आता पोर्टफोलिओच्या जागी काय? एजन्सीला पहिल्यांदा लागतात ती डिजिटल्स: बिनमेकअपचे, साधे, न सुधारलेले फोटो. ते घरी फोनवर निघतात. फिक्या रंगाची मोकळी भिंत, समोर किंवा जरा बाजूला मोठी खिडकी, थेट ऊन नको. डोक्यावरचा दिवा बंद करा, नाहीतर डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं. अंगाला बसणारी काळी जीन्स आणि साधी बनियन किंवा टीशर्ट, नक्षी नको, दागिने नकोत. फोटो काढणाऱ्याने अडीच-तीन मीटर लांब उभं राहून फोनची मागची, दुप्पट झूमची लेन्स वापरावी. जवळून साध्या लेन्सने काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. सेल्फी बाद होतात त्या याच कारणाने. पूर्ण उंचीच्या फोटोला फोन कमरेच्या पातळीवर धरायचा, चेहऱ्याला डोळ्यांच्या पातळीवर. फोन जमिनीजवळ नेला की पाय लांब दिसतात, पण बुकरला, म्हणजे एजन्सीत मॉडेलांना कामं लावून देणाऱ्याला, ही चलाखी लगेच कळते आणि उरलेल्या फोटोंवरचाही विश्वास उडतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, केसांच्या कडा खातो. सौंदर्य फिल्टर बऱ्याच फोनमध्ये न विचारताच चालू असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन मारा.

फोटो हवेत ते असे: चेहरा समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरका, एक दात दिसणारं हसू, केस बांधून आणि मोकळे सोडून, कमरेपर्यंत, पूर्ण उंची समोरून, बाजूने, पाठीमागून. शिवाय वीसेक सेकंदांचा व्हिडिओ: नाव, उंची, दोन्ही बाजूंना मान वळवणं, चार पावलं चालणं. केस कापले, वजन बदललं किंवा तीन महिने उलटले की नवा संच काढायचा.

मापं दुसऱ्याकडून घ्या. उंची अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ लावून, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, तेव्हा दुपारनंतरचा आकडा लिहा. छाती, कंबर आणि नितंबाच्या सर्वांत रुंद भागाचं माप घेताना टेप आडवी आणि सैलही नाही, आवळूनही नाही अशी धरायची. चपलेचा नंबरही लागतो. एक इंच चोरायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण सेटवरचे कपडे तुमच्या आकड्यांवरून मागवलेले असतात. पाठीमागची चेन लागली नाही की अख्खं युनिट खोळंबतं, आणि ते निस्तरणारा बुकर तुमचं नाव पुन्हा सहसा पुढे करत नाही.

उंचीबद्दल स्पष्टच सांगते. रॅम्प आणि हाय फॅशनला स्त्रियांची उंची साधारण ५ फूट ९ इंचांपासून पुढे लागते, पुरुषांची ६ फुटांपासून, कारण नमुन्याचे कपडे त्या मापावरच शिवलेले असतात. तिथली सुरुवातही बहुधा विशीच्या आत होते. ५ फूट ६ इंच आणि २६ वर्षं म्हणजे ते दार जवळपास बंद. कोणी ते उघडून देतो म्हणत असेल, तर तो नेमकं किती पैसे मागतोय ते बघा.

पण मॉडेलिंग म्हणजे फक्त रॅम्प नव्हे. बँक, विमा, औषधं, मोबाइल, शाळा, घरगुती उपकरणं यांच्या जाहिरातींत पंचवीस ते पंचेचाळीस वयाची विश्वासार्ह दिसणारी माणसं सतत लागतात. याला कमर्शियल किंवा लाइफस्टाइल काम म्हणतात. लॅपटॉपसमोर खरंच कामात असल्यासारखं बसता येणं हे तिथे भांडवल आहे, आणि ते तुमच्याकडे चार वर्षांचं आहे. ऑनलाइन दुकानांसाठीच्या कॅटलॉग कामात एका दिवसात पन्नासेक पेहरावही होतात, तिथे पोझ पटापट बदलता येणं आणि संध्याकाळपर्यंत चेहरा ताजा राहणं हेच कसब. हे क्षेत्र मात्र बदलतं आहे: एच अँड एमने २०२५ मध्ये तीस मॉडेलांच्या डिजिटल प्रतिकृती करण्याची योजना जाहीर केली होती. फक्त कॅटलॉगच्या भरवशावर पुढच्या दहा वर्षांचं गणित मांडू नका.

याशिवाय दोन कामं अशी आहेत की त्यांचं नाव सुरुवातीला कोणी काढत नाही. हातांचं मॉडेलिंग: घड्याळ, अंगठी, क्रीम, फोन. सारखी त्वचा, सरळ बोटं, न चावलेली नखं आणि वीस मिनिटं हात न थरथरता धरण्याची क्षमता एवढ्यावर ते चालतं. दुसरं फिट मॉडेलिंग. कपड्यांच्या कंपन्या नवा पॅटर्न एका ठरावीक मापाच्या माणसावर चढवून बघतात. तुम्ही उभं राहायचं, बसायचं, हात वर करायचा आणि बगलेत कुठे ओढतं, खांद्यावर कुठे फुगतं ते नेमक्या शब्दांत सांगायचं. इथे देखणेपणापेक्षा मापं कंपनीच्या तक्त्याशी जुळणं आणि महिनोन्महिने तशीच राहणं महत्त्वाचं. अर्धा-पाऊण इंच सरकलं की दुसरी व्यक्ती बोलावतात. पण काम नियमित असतं. आणि या दोन्हींत तुमचा चेहरा कुठेच झळकत नाही. तुमच्या घरच्या परिस्थितीत हा मुद्दा किरकोळ नाही.

डिजिटल्स आणि मापं एकाच वेळी आठ-दहा एजन्सींना पाठवा, त्यांच्या वेबसाइटवरच्या अर्जाच्या पानावरून. मजकूर चार ओळींचा पुरे. स्वप्नांबद्दल काही लिहू नका. चार-सहा आठवड्यांत उत्तर नाही म्हणजे नकार समजायचा, सहा महिन्यांनी नव्या फोटोंसह पुन्हा पाठवायचं. भेटीला बोलावलं तर कार्यालयातच, दिवसा, आणि आधी त्यांच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री केल्यावर. एखाद्या मोठ्या एजन्सीचं नाव लावून समाजमाध्यमांवर संदेश पाठवणारे बहुतेक तोतये असतात. 'कास्टिंगसाठी', म्हणजे कामाच्या निवडीसाठी, अंतर्वस्त्रांतले किंवा त्याहून कमी कपड्यांतले फोटो फोनवर मागणारा तर नक्कीच.

आता घरच्यांकडे वळते. त्यांचे पाच आक्षेप पुन्हा वाचा. पहिले चार हे चांगल्या वकिलाने करार वाचताना विचारावेत असे प्रश्न आहेत. तुम्ही त्यांना 'माझी आवड आहे' असं उत्तर देत असाल तर वाद संपणार नाही, कारण त्यांनी आवडीबद्दल विचारलेलंच नाही. हेच प्रश्न एजन्सीपुढे ठेवा आणि मिळालेली उत्तरं लेखी स्वरूपात घरी आणा.

'पैसे बुडतील' याचं उत्तर करारात असतं. करार घरी आणून वाचायला निदान आठवडा मागा. तिथल्या तिथे सही करा म्हणणाऱ्याला नमस्कार करा. मुदत किती, ती आपोआप वाढते का, सोडायचं तर किती दिवसांची नोटीस? एजन्सी एकमेव आहे का, म्हणजे फक्त तिच्याच मार्फत काम करायचं बंधन आहे का, आणि कोणत्या प्रदेशापुरतं? फॅशनपुरती एकमेव असेल तर हातांचं किंवा फिटचं काम तुम्ही दुसरीकडून घेऊ शकाल का? क्लायंटचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, तुम्हाला किती दिवसांत मिळतात? तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांनी मागितला असेल तर तो नाकारा किंवा प्रत्येक कामाला लेखी संमतीची अट घाला. चेहऱ्याची किंवा शरीराची डिजिटल प्रतिकृती करायचा हक्क बारीक अक्षरांत घुसवलेला असतो. त्याला स्वतंत्र संमती आणि स्वतंत्र मोबदला हवा.

मानधनाचे दोन भाग असतात हेही घरी समजावून सांगा: दिवसाचं काम वेगळं आणि फोटो वापरण्याचा हक्क वेगळा. वापर तीन गोष्टींवर ठरतो: कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात, किती काळ. 'सर्व माध्यमं, सर्व जग, कायमस्वरूपी' असं लिहिलेलं असेल तर एका दिवसाच्या पैशांत त्यांनी तुमचा चेहरा विकत घेतला. शिवाय एका टूथपेस्टची जाहिरात चालू असेपर्यंत दुसरी टूथपेस्ट तुम्हाला घेणार नाही, म्हणून मुदत नसलेला करार पुढची कामंही खातो. बारा महिने आणि नूतनीकरणाला नवे पैसे, अशी मागणी करा.

'कुठे कुठे बोलावतील' याला उत्तर कॉल शीट. प्रत्येक शूटच्या आदल्या दिवशी ती येते: पत्ता, वेळ, निर्मितीतल्या जबाबदार व्यक्तीचा फोन, संपण्याची वेळ. ती घरात एकाला पाठवण्याचा नियमच करा. कॉल शीट नाही तर शूट नाही. अनोळखी छायाचित्रकाराबरोबर आपापसांतल्या समजुतीवर केलेल्या टेस्ट शूटला कोणाला तरी बरोबर न्या. 'सोबत कोणी आलं की मॉडेल मोकळी होत नाही' असं म्हणणाऱ्याचं शूट रद्द करा. कपडे बदलायला बंद जागा आहे का हेही आधीच विचारा. खऱ्या युनिटला या प्रश्नात काही वावगं वाटत नाही.

'कसले कसले फोटो' यासाठी मर्यादांची यादी करा. अंतर्वस्त्रं, पोहण्याचे कपडे, पारदर्शक कपडे, चुंबन, दारू, तंबाखू, जुगार: प्रत्येकापुढे हो किंवा नाही. एजन्सी ही माहिती मॉडेलच्या नोंदीत ठेवतात, यात लाजण्यासारखं काही नाही. ती करारासोबत जोडा आणि घरीही दाखवा. सेटवर आयत्या वेळी काही वेगळं पुढे आलं तर तुम्ही हुज्जत घालायची नाही, 'माझ्या बुकरला फोन करा' एवढं म्हणायचं. त्यासाठीच तर एजन्सी २० टक्के घेते. यादीतल्या नकारांमुळे कामं कमी होतील हे खरं, पण कमर्शियल कामात फारशी नाहीत.

'हात हलवत परत येशील' याचं उत्तर म्हणजे नोकरी न सोडणं. पैसे शूटनंतर साठ ते नव्वद दिवसांनी येतात, कधी त्याहून उशिरा. आधी कास्टिंगचे काही महिने धरले, तर एजन्सीशी सही केल्यापासून पहिला पैसा हाती यायला सहज सहा महिने जातात. म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय आणि सलग सहा महिने हातात आलेलं मानधन पगाराच्या निम्म्यावर गेल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असं माझं मत. बिलात लिहिलेलं मानधन मोजू नका, कमिशन, खर्च आणि कर वजा होऊन बँकेत आलेलं मोजा. तुमच्या पगारावर घरात कोणी अवलंबून असेल तर वर्षाचं दीड वर्ष करा. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करण्यावर बंदी आहे का तेही बघा. असेल तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर एक दिवस तुमचाच फोटो मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर येईल.

रजेचं तंत्र समजून घ्या, नोकरी सांभाळून हे करणारे बहुतेक इथेच फसतात. कास्टिंग कामाच्या दिवशी, आदल्या संध्याकाळच्या निरोपावर असतं. त्याला अर्ध्या दिवसाची रजा पुरते, आणि बरीच कास्टिंग्ज आता घरून व्हिडिओवर होतात. त्यानंतर येतो होल्ड किंवा ऑप्शन: क्लायंटने तारीख राखून ठेवली, नक्की केलेली नाही. पहिला होल्ड, दुसरा होल्ड अशी रांगही असते. होल्डवर रजा टाकू नका, त्यातले बरेच सुटून जातात. रजा टाकायची ती कन्फर्म झाल्यावर. पण होल्ड स्वीकारल्यावर ती तारीख दुसऱ्याला द्यायची नाही. द्यायची वेळ आली तर आधी बुकरला सांगायचं. कन्फर्म झालेलं काम क्लायंटने आयत्या वेळी रद्द केलं तर किती टक्के मिळतील, हे करारातच ठरवून घ्या.

एक वही घाला: कास्टिंग, पुन्हा बोलावणं, होल्ड, कन्फर्म, बँकेत आलेली रक्कम. बारा महिन्यांनी ती घरच्यांपुढे उघडायची, असं आजच सांगून टाका. पहिल्या वीस-तीस कास्टिंगना नकार येणं नेहमीचंच आहे. चाळीसच्या पुढे गेल्यावरही एकदाही पुन्हा बोलावणं आलं नसेल तर मात्र कामाचा प्रकार चुकलाय असं मी धरेन. डिजिटल्स बदला, वेगळ्या प्रकारच्या कामासाठी पाठवा. वजन कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही. कमर्शियल कामाला स्थिर माप लागतं, बारीक नव्हे.

राहिलं 'लोक काय म्हणतील'. याला कागद नाही. एवढंच करता येतं की जाहिरात झळकण्याआधी आई-वडिलांना ती तुमच्याकडून कळावी, नातेवाइकाच्या फोनवरून नव्हे. लपवून सुरुवात केली तर फोटोपेक्षा लपवणं मोठं होतं, आणि नंतर सगळे करार दाखवले तरी ते वाचायला कोणी तयार नसतं. घरच्यांकडून यासाठी पैसे घेऊ नका, अगदी उसनेही नाही. प्रसिद्ध मॉडेलांची उदाहरणंही देऊ नका, त्यांना त्यात अपवादच दिसतो आणि ते बरोबरच आहे. घरातलं हिशेबात किंवा कायद्यात मुरलेलं एखादं माणूस करार वाचायला बसवा, विरोधक असेल तर अधिक बरं. विरोध धमकीपर्यंत गेला असेल तर आधी पासपोर्ट, प्रमाणपत्रं आणि बँक खातं स्वतःच्या ताब्यात ठेवा, बाकीचं मागून.

त्या एजन्सीचा मुदत संपताना पुन्हा फोन येईल. तेव्हा एकच विचारा: 'ही रक्कम माझ्या पहिल्या कामाच्या मानधनातून वळती करून घ्याल का?' आणि हे उत्तर ईमेलवर मागा.